पहिले सहा तास : प्रस्तावना

मेंदूला प्राणवायू कमी पडून इजा झालेल्या नवजात बाळाचे शरीर सलग तीन दिवस ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर थंड ठेवायचे आणि मग तासाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही अशा बेताने हळूहळू पुन्हा उबेला आणायचे, हा उपचार गेल्या वीस वर्षांत जगातल्या अनेक नवजात विभागांत रुळला आहे. त्याची एक अट फार कडक आहे: जन्मानंतर सहा तासांच्या आत तो सुरू झाला पाहिजे. हे पुस्तक त्या उपचाराविषयी आहे आणि त्याहून अधिक त्या सहा तासांविषयी आहे. ते महाड-पोलादपूरकडचे डॉक्टर, सिस्टर, आशाताई आणि आईबाप यांच्यासाठी लिहिले आहे, म्हणून त्यातले सहा तास कशेडी घाटाच्या रस्त्यावर मोजलेले आहेत.

पोलादपूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्या डोंगरउतारावर आहेत. कळा सुरू झालेली बाई आधी वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत येणार, तिथून १०२ किंवा १०८ ची गाडी मिळाली तर पोलादपूरच्या नाहीतर महाडच्या ग्रामीण रुग्णालयात पोचणार. तिथे बाळ जन्मले, रडले नाही, पिशवीने श्वास द्यावा लागला, तर पुढची वाट माणगावची, अलिबागची किंवा मुंबईची. महाडहून अलिबाग रस्त्याने शंभर किलोमीटरच्या पुढे, मुंबई पावणेदोनशेच्या आसपास. काही जण उलट्या दिशेने घाट ओलांडून खेड-चिपळूणकडे, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाकडे जातात. कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूने सुरू झाला आणि जुन्या घाटातल्या वळणांत जाणारा अर्धा-पाऊण तास काही मिनिटांवर आला. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना या बोगद्याचे अप्रूप आहेच. आजारी बाळ घेऊन निघालेल्या गाडीला त्याचे मोल कितीतरी जास्त. पण पावसाळ्यात या रस्त्याचा भरवसा कोणी देत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्यात होते. बाळंतपणे अशा रात्रीही होतात.

आता त्या सहा तासांत मेंदूत काय चालते ते पाहू. गुदमरलेल्या मेंदूची इजा एका झटक्यात पुरी होत नाही. वार आधीच सुटली, नाळ दाबली गेली, गर्भाशय फाटले किंवा कळा तासन्‌तास लांबल्या, की मेंदूला जाणारे रक्त आणि प्राणवायू कमी पडतो, पेशींतली ऊर्जा संपते. हा पहिला आघात. श्वास आणि हृदय चालू झाले की ती ऊर्जा बऱ्याच अंशी भरून येते. बाळ गुलाबी दिसू लागते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग काही तासांनी पेशींची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाच ढासळायला लागते, मेंदूला सूज येते, झटके सुरू होतात, आणि ही दुसरी घसरण पुढे दोन-तीन दिवस चालते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या गटाने १९८० च्या दशकात चुंबकीय स्पेक्ट्रोस्कोपीने ती बाळांच्या मेंदूत प्रत्यक्ष नोंदवली. दोन घसरणींच्या मध्ये जो शांत काळ असतो, तोच आपला सहा तासांचा अवधी. शरीराचे तापमान एक अंशाने उतरले की मेंदूची ऊर्जेची गरज सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते, आणि ज्या रासायनिक साखळीने इजा झालेल्या पेशी पुढे मरत जातात तीही मंदावते. दुसरी घसरण ओसरेपर्यंत थंडावा टिकवायचा, म्हणून तीन दिवस.

न रडणाऱ्या बाळाची चिंता मात्र फार जुनी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अशा बाळाच्या कानापाशी दगडावर दगड आपटावेत, तोंडावर थंड किंवा गरम पाणी शिंपडावे, सुपाने वारा घालावा असे सांगितले आहे. आपल्याकडच्या सुईणी बाळाच्या कानाशी थाळी वाजवायच्या, तो याच परंपरेचा धागा असावा. बाळाला चेतवले की ते श्वास घेते, हे निरीक्षण त्यामागे होते आणि ते खरेही आहे. अंग कोरडे पुसून पाठ चोळणे हे आजच्या शिकवणीतले पहिले पाऊलही त्याच जातीचे.

अशा जन्माचे पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतात, याची पद्धतशीर मांडणी विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यवैद्याने १८६१ मध्ये केली. अडलेले बाळंतपण, उशिरा आलेला श्वास आणि पुढे ताठर झालेले हातपाय यांची सांगड त्याने घातली. मनोविश्लेषणामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड तेव्हा मेंदूविकारांचा अभ्यासक होता. १८९७ मध्ये त्याने शंका काढली की अवघड बाळंतपण हे काही वेळा कारण नसून गर्भातच आधी घडलेल्या बिघाडाचे लक्षण असेल. हा वाद अजून संपलेला नाही, आणि पुढे भारतातल्या अभ्यासांकडे येताना तो वाचकाने मनात ठेवावा. १९५० च्या दशकात व्हर्जिनिया अपगार यांनी जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटांत बाळाची अवस्था गुणांत मोजण्याची पद्धत दिली. १९७६ मध्ये सारनाट दांपत्याने मेंदूच्या इजेचे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे तीन टप्पे पाडले. आजही कोणत्या बाळाला थंडावा द्यायचा हे त्याच पायऱ्यांवर ठरते: मध्यम आणि तीव्र.

थंडावा देण्याची कल्पनाही दिसते तितकी नवी नाही. स्वीडनमध्ये ब्यॉर्न वेस्टिन आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात, इतर सारे उपाय थकल्यावर, न श्वास घेणाऱ्या बाळांना थंड पाण्यात बुडवून पाहिले आणि काही बाळे वाचल्याचे लिहिले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवले की अपुऱ्या दिवसांची बाळे उबदार पेटीत अधिक जगतात, थंड पेटीत कमी. तेव्हापासून ‘बाळाला ऊब द्या’ हा नवजात शास्त्राचा पहिला नियम झाला आणि थंडाव्याचा विषय तीस वर्षे मागे पडला. नियम योग्यच होता. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला तो आजही तसाच लागू आहे. थंडाव्याचा उपचार दिवस भरलेल्या, साधारण ३६ आठवड्यांच्या पुढच्या बाळांसाठीच आहे, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा आले आहे. ती पुनरुक्ती मुद्दाम ठेवलेली आहे.

१९९० च्या दशकात मॅरियान थोरेसन यांनी डुकराच्या पिलांत आणि न्यूझीलंडच्या अ‍ॅलिस्टर गन यांनी मेंढीच्या गर्भात दाखवले की आघातानंतरही, तो शांत काळ संपायच्या आत, मेंदू थंड केला तर इजा कमी होते. मग माणसांच्या बाळांवरचे मोठे अभ्यास आले. २००५ मध्ये डोके तेवढे थंड करणारा ‘कूलकॅप’ अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी सबंध शरीर थंड करणारा अमेरिकी अभ्यास. दुसऱ्याच्या प्रमुख होत्या डेट्रॉइटच्या, भारतीय वंशाच्या सीता शंकरन. त्यांच्या २०८ बाळांमध्ये नेहमीच्या उपचाराने ६२ टक्के दगावली किंवा मध्यम-तीव्र अपंगत्वासह जगली. थंडावा दिलेल्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. २००९ मध्ये इंग्लंडच्या ‘टोबी’ अभ्यासाने त्याला बळ दिले. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ११ अभ्यासांतली १,५०५ बाळे एकत्र मोजली, तेव्हा साधारण सात बाळांना थंडावा दिला की एक बाळ मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचते असे दिसले. नवजात शास्त्रात इतका ठाम लाभ क्वचित दिसतो. अधिक खोल किंवा अधिक दिवस थंड केल्याने जास्त फायदा होतो का, हेही शंकरन यांच्या गटाने तपासले, झाला नाही. थंडाव्याच्या जोडीला एरिथ्रोपोएटिन हे औषध देऊन पाहिलेल्या, सुमारे ५०० बाळांच्या २०२२ च्या अमेरिकी अभ्यासातही काही हाती लागले नाही.

भारतातला प्रवाह याच काळात सुरू झाला, आणि तो आपल्याकडच्या साधनांनी. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये गारव्याच्या जेल पिशव्या वापरून १३० बाळांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात लाभ दिसला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये निरंजन थॉमस आणि सहकाऱ्यांनी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाची गादी वापरली. थंडीत बाटलीत थिजलेले खोबरेल उन्हात ठेवले की वितळते, आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते, तत्त्व तेच. बाळाच्या अंगाची उष्णता घेत पदार्थ वितळतो आणि बाळ ३३-३४ अंशांवर टिकते, तेही वीज न लागता. यातूनच ‘मिराक्रेडल’ हे देशी साधन आले आणि लाखोंची यंत्रे न परवडणाऱ्या अनेक रुग्णालयांत पोचले.

आणि मग ‘हेलिक्स’ अभ्यास आला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत २०१५ ते २०१९ या काळात ४०८ बाळांवर तो झाला. त्यात मुंबईतले शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालयही होते. निष्कर्ष २०२१ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. थंडावा दिलेल्यांत मृत्यू किंवा अपंगत्व ५० टक्के, न दिलेल्यांत ४७. म्हणजे फायदा नाही. निव्वळ मृत्यू मोजले तर थंडावा दिलेल्यांत ४२ टक्के, न दिलेल्यांत ३१. मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत हा उपचार देऊ नये, असे संशोधकांनी स्पष्ट लिहिले.

इथून आपल्याकडच्या नवजात तज्ज्ञांत मतभेद झाले. एका गटाचे म्हणणे, हा अभ्यास आपल्याच बाळांवर झालेला सर्वांत मोठा आणि काटेकोर आहे, तेव्हा थांबावे. दुसऱ्या गटाचे म्हणणे, अभ्यासातली बहुसंख्य बाळे दुसरीकडे जन्मून तिथे पाठवलेली होती, अनेकांना दाखल होतानाच झटके चालू होते, श्रीमंत देशांत थंडाव्यासोबत ज्या सोयी सर्रास दिल्या जातात त्या इथे तशा नव्हत्या. तेव्हा त्याच रुग्णालयात जन्मलेल्या, नीट निवडलेल्या बाळाला, पूर्ण तयारीच्या विभागात थंडावा देणे चूक नाही, आणि जिपमर-वेल्लोरचा अनुभव तेच सांगतो. तिसरा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हेलिक्समधल्या बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा ठळक होती. अचानक आलेल्या पूर्ण कोंडीत मेंदूच्या खोल गाठींना जशी इजा होते, तशी ती नव्हती. म्हणजे आपल्याकडची बरीच बाळे कळांच्या लांबलेल्या काळात, कदाचित त्याआधीपासून, थोडी थोडी गुदमरत आलेली असावीत. तसे असेल तर सहा तासांचे घड्याळ जन्माच्या क्षणी सुरू होतच नाही. ते कधीच सुरू होऊन संपलेले असते. फ्रॉइडची शंका इथे वेगळ्या रूपाने परत येते.

हे पुस्तक दुसऱ्या आणि तिसऱ्या विचाराच्या मधे उभे आहे. मी स्वतः तिसऱ्याकडे अधिक झुकतो, आणि त्याचे एक कारण महाडमध्येच आहे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहत होते. पाठ्यपुस्तकात यावर उत्तर नव्हते. त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून निरीक्षणे केली, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले, लॅन्सेटमध्ये लिहिले, पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह प्रतिविषाच्या जोडीने दिलेले प्राझोसिन आणि नुसते प्राझोसिन यांची तुलना महाडलाच करून २०११ मध्ये बीएमजेमध्ये मांडली. दंशाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. जिथला रुग्ण, तिथेच उपचार पारखायचा, ही शिस्त या तालुक्याने वैद्यकाला शिकवली आहे. थंडाव्याच्या बाबतीतही तीच शिस्त हवी. डेट्रॉइटच्या बाळाला मानवलेली गोष्ट कशेडीच्या बाळाला मानवेल असे गृहीत धरणे हा या बाळावर अन्याय आहे. आणि दक्षिण आशियात निष्फळ ठरली म्हणून सगळा विषयच मिटवून टाकणे हाही अन्यायच.

मग यंत्राविना काय करता येते? पुष्कळ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना पिशवी-मास्कने श्वास द्यायला शिकवले, आणि घरच्या बाळंतपणांत श्वासावरोधाने होणारे मृत्यू सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. बेळगाव जिल्ह्यात बाळंतपण करणाऱ्यांना पहिल्या मिनिटात श्वास देण्याचे प्रशिक्षण दिल्यावर मृतजन्म ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले; ‘मेलेले जन्मले’ म्हणून लिहिलेली काही बाळे मुळात श्वासाची वाट पाहत होती, असा त्याचा अर्थ होतो. सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून हेच शिकवतो. त्याच्याही आधीचे पाऊल कळांच्या खोलीतले. कळांची प्रगती नोंदवणारा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, खरोखर वेळेवर भरणे, बाळाचे ठोके ठरलेल्या वेळाने ऐकणे, कळा वाढवण्याचे इंजेक्शन ठोक्यांवर लक्ष ठेवता येत नसेल तिथे न देणे, ‘बाळाने पोटात शी केली’ असे हिरवे पाणी दिसले की पुढच्या रुग्णालयात आधी फोन करणे. सरकारचा २०१७ पासूनचा ‘लक्ष्य’ उपक्रम यासाठीच आहे. या गोष्टींना खर्च नाही. पण रात्रपाळीला एकच सिस्टर आणि तीन बायका कळांत असतील, तर त्या होत नाहीत, आणि त्याचा दोष त्या सिस्टरवर टाकणे मला मान्य नाही.

तापमानाबद्दल एक इशारा या प्रस्तावनेतच द्यायला हवा, कारण अर्धवट माहितीने इथे जीव जाऊ शकतो. थंडावा चांगला असतो हे ऐकून कोणी गाडीच्या खिडक्या उघडून, ओल्या फडक्यात गुंडाळून बाळ नेऊ नये. बाळ तिशीच्या खाली गेले तर हृदयाची लय बिघडते, रक्त गोठेनासे होते. युगांडातल्या कंपाला शहरात साध्या पाण्याच्या बाटल्यांनी थंडावा देऊन पाहिला, त्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थंड केलेल्या गटातच जास्त बाळे गेली. दुसरे टोकही तितकेच घातक आहे. शंकरन यांच्या अमेरिकी अभ्यासात थंडावा न दिलेल्या बाळांत ज्यांचे अंग तापले, त्यांच्यात अंशामागे मृत्यू किंवा अपंगत्वाची शक्यता तिप्पट-चौपट दिसली. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, बाळाला दुपट्यांत गुंडाळून शेक दिला जातो, रुग्णालयात वॉर्मर पूर्ण चालू राहतो. निरोगी बाळाला ऊब हवीच. पण श्वासासाठी झगडलेल्या, सुस्त पडलेल्या, झटके येणाऱ्या बाळाचे तापमान काखेत थर्मामीटर लावून दर अर्ध्या तासाने बघायचे आणि ते ३७ च्या वर जाऊ द्यायचे नाही. एवढे पोलादपूरला होते, गाडीत होते. रक्तातली साखर बघणेही होते. मेंदूला वाचवणाऱ्या गोष्टींमध्ये याचे स्थान फार वरचे आहे.

हे सारे आज का लिहायचे? घरची बाळंतपणे आता फार कमी उरली, दवाखान्यातली वाढली. बोगदा झाला, रुग्णवाहिका आल्या, अलिबागला जिल्हा रुग्णालयात नवजात कक्ष आहे. बाई दवाखान्यात पोचते आहे, तरीही बाळे गुदमरत आहेत. तेव्हा आता प्रश्न पोचण्याइतकाच पोचल्यावरच्या तासांचा आहे. शिवाय शहरातल्या नातेवाइकांकडून आईबापांना थंडाव्याच्या उपचाराची माहिती आता मिळते. ‘आमच्या बाळाला ते का दिले नाही?’ असे ते विचारतात. त्यांना खरे आणि पूर्ण उत्तर मिळण्याचा हक्क आहे, आणि ते मराठीत मिळण्याचाही.

पुस्तकाची रचना त्यामुळे नेहमीच्या वैद्यकीय पुस्तकासारखी नाही. ते कळांच्या खोलीपासून सुरू होते, रस्त्यावर बराच काळ थांबते आणि नवजात कक्षात उशिरा पोचते. थंडाव्याची पद्धत, तिचे धोके, कोणत्या बाळाला ती देऊ नये हे सगळे आहे. पण कोणते यंत्र घ्यावे याची यादी नाही, कारण रक्तवायूंची तपासणी, श्वासयंत्र आणि चोवीस तास माणूस नसलेल्या ठिकाणी यंत्र आणून ठेवणे धोक्याचे आहे, असे लेखकांचे ठाम मत आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. वाचलेल्या बाळांसाठी मोठा भाग राखून ठेवला आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटला. मान कधी धरावी, मुठी कधी उघडाव्यात, कोणत्या महिन्यात काय दिसले नाही तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवावे, घरी रोज कोणते व्यायाम द्यावेत, दूध गिळताना ठसका लागत असेल तर कसे धरावे. ताठर हातापायांचे मूल म्हणजे देवाची शिक्षा मानणाऱ्या शेजाऱ्यांना आईने काय सांगावे, तेही. ‘पांगळे’ म्हणून कोपऱ्यात ठेवलेली मुले या भागात मी पाहिली आहेत. त्यांच्यातली काही वेळेवर व्यायाम मिळाले असते तर शाळेत चालत गेली असती, असे मला आजही वाटते.

जी गोष्ट पुस्तकात नाही तीही सांगतो. कोणाच्या बाळाची हकीकत यात ओळखता येईल अशी दिलेली नाही. आयांनी विश्वासाने सांगितलेले त्यांचेच राहिले आहे.

शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. जन्माची वेळ, कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेले आणि रंग कोणता, बाळाने पहिला श्वास कितव्या मिनिटाला घेतला, पिशवी किती वेळ वापरली, पाच आणि दहा मिनिटांचा अपगार, पहिला झटका कधी, दर अर्ध्या तासाचे तापमान, साखर, गाडी कधी निघाली. पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला थंडावा द्यायचा की नाही हे ठरवायला हीच माहिती लागते, आणि नेमकी हीच चिठ्ठीवर नसते. हा तक्ता पुस्तकातून फाडून घ्यावा, हव्या तेवढ्या झेरॉक्स काढाव्यात आणि एक गठ्ठा रुग्णवाहिकेच्या पुढच्या खणात ठेवावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.